नर्सबाईंच्या बाळंतिणी

खालापूरच्या डोंगराकडच्या वाड्यांवर दोन माणसं येताना दिसली की लोक मागच्या दारानं रानात जायचे. एक मी आणि दुसऱ्या नर्सबाई. मी विमा एजंट. मी आलो म्हणजे मरणाच्या गोष्टी काढणार आणि बाई आल्या म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनच्या, अशी लोकांची पक्की खात्री होती. त्यामुळे आम्ही दोघं एकाच सकाळी एका वाडीत पोचलो, तर तिथं कोंबड्यांखेरीज स्वागताला कोणी नसे. मग आम्ही चिंचेखाली बसून एकमेकांच्या डब्यातली भाजी खात असू आणि आपापल्या नोकरीला नावं ठेवत असू.

त्यांचं नाव सुमन रोकडे. उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत त्याच भागात पायी फिरल्या. पण नावानं त्यांना कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. लहान पोरापासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या त्या नर्सबाई. बुटक्या, सावळ्या, बोलताना डोळे बारीक करणाऱ्या. चालताना उजवा खांदा खाली, कारण त्या खांद्याला कायम लसींचा निळा डबा लटकलेला असे. मला त्या 'एजंट' म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याबद्दल मला आजही शंका आहे.

आमच्या दोघांत फरक एवढाच की मी बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत यायचो आणि बाई नाही. मी दारं वाजवायचो, हाका मारायचो, आत कोण आहे, किती जण आहेत, कमावतं कोण आहे, असे एकावर एक प्रश्न विचारायचो. बाई काहीच करत नसत. सावली बघून एखाद्या दाराशी ऐसपैस बसत, पाणी पीत, कोंबडीच्या पिल्लांना 'काय गं, खाल्लंस का' असं विचारत. बऱ्याच वेळानं आत पातेलं वाजे. मग म्हातारी डोकावे, मग सून, आणि शेवटी सुनेच्या पदराखालचं बाळ. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, मला ही विद्या शिकवा." त्या म्हणाल्या, "विद्या कसली त्यात? एजंट, विचारलं का माणूस लपवतो. बसलं का सांगतो. तुमी बसतच नाय."

निवृत्तीनंतर बाई भिसेगावात राहायला आल्या, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगी नाशिकला दिलेली. मला वाटलं, आता बाई टीव्ही बघतील आणि गुडघ्यांना तेल लावतील. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून त्या विहारात जात, पण उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हा प्रश्न एका करड्या मांजरीनं सोडवला. ही मांजर बाईंच्या जिन्याखाली व्याली. पिल्लं जगली नाहीत. काही महिन्यांत ती पुन्हा व्याली, पुन्हा तेच. ती पोटुशी होऊन तिसऱ्यांदा जिन्याखाली जागा शोधू लागली, तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. "अंगात रक्ताचा थेंब नाय आन परत दिवस गेलेत," त्या म्हणाल्या. "अशानं मरंल ती बाई." मी आधी घाबरून विचारलं, कोण बाई. मग कळलं.

डॉक्टरकडे न्यायला गाडी हवी होती आणि माझ्याकडे जुनी इको होती. मला मांजरं आवडत नाहीत, हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून गैरसमज होईल. ती आपल्याकडे बघतात तेव्हा आपला हप्ता थकलाय असं वाटतं. पण बाईंना नाही म्हणणं मला कधी जमलं नव्हतं. ती करडी मांजर कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली, ऑपरेशन होऊन आली, अंगानं भरली आणि नंतर कित्येक वर्षं त्याच जिन्याखाली महाराणीसारखी जगली. त्या दिवसापासून माझी गाडी ही मांजरांची ॲम्ब्युलन्स झाली. तिला सुकटीचा वास लागला तो लागलाच. माझ्या बायकोनं त्या गाडीतून लग्नाला यायचं बंद केलं.

बाईंनी काम सुरू केलं ते आपल्या जुन्या पद्धतीनंच. लोखंडी जाळीचा, आपोआप दार पडणारा पिंजरा त्यांनी बनवून घेतला, त्यावर जुनं लुगडं पांघरलं आणि त्याला पाळणा म्हणू लागल्या. लसींच्या निळ्या डब्यात आता बर्फावर बोंबील आणि मांदेली असत. बाजारातली कोळीण मुंडकी-शेपट्या वेगळ्या काढून ठेवी. डॉक्टर आठवड्यातला एक दिवस बाईंसाठी मोकळा ठेवत. ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या डाव्या कानाचं टोक भूल असतानाच किंचित कापतात, म्हणजे तिला पुन्हा धरायला नको. नाक्यावरच्या चहावाल्यानं एकदा भरल्या दुकानात विचारलं, "काय नर्सबाई, माणसांची झाली, आता मांजरांची नसबंदी?" बाई बशीतला चहा संपवून म्हणाल्या, "माणसांनी कुठं ऐकलं? म्हणून इकडं वळले."

मांजर परत तिच्या जागेवर सोडली की इतरांचं काम संपतं. बाईंचं तिथून सुरू व्हायचं. बाळंतिणीच्या घरी भेटी द्यायची त्यांची जुनी सवय. तशा त्या प्रत्येक मांजरीकडे जात, भिवपुरीच्या चाळींपासून खालापूरच्या बाजारापर्यंत. टाका कोरडा आहे का, खाते का, कुठं झोपते, हे बघत. आणि जिच्या दारात ती मांजर बसे, त्या घरच्या बाईला म्हणत, "हिला जड काम सांगू नका हां चार दिस." ती बाई हसे, आणि हसता हसता मांजरीला भात घाले. कोणाचीच नसलेली मांजर अशी कोणाची तरी होऊन जाई. बाईंचा एक नियम मात्र अगदी कडक होता. पाजती मांजर उचलायची नाही. पाळण्यात मांजर आली की त्या आधी वाकून तिची आचळं बघत. "ओली असली तर सोडा," त्या म्हणत. "मागं कोण उपाशी बसलंय ते आपल्याला ठाव नाय."

हा नियम एकदाच मोडला, शेलूला.

शेलूला स्टेशनच्या पलीकडं चार इमारतींची एक नवी सोसायटी आहे. निम्मे फ्लॅट बंद, निम्म्यांत सकाळी अंधारात कामाला जाणारी माणसं. बांधकाम चालू असल्यापासून तिथं मांजरं होती आणि ती वाढत चालली होती. कुंड्यांत घाण, मोटारसायकलींच्या सीटा फाटलेल्या, रात्री रडणं. लोक वैतागले होते आणि मला विचाराल तर त्यांचं चुकत नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी दळवीसाहेब. मुंबईच्या एका मिलमध्ये जन्मभर स्टोअरकीपर होते. उंच, इस्त्रीचा लेंगा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट मोजता यायला हवी असं मानणारे. त्यांनी ठरवलं होतं की टेंपो बोलवायचा, मांजरं गोण्यांत भरायची आणि घाटापलीकडं सोडून यायची.

बाईंना हे कळलं ते हिराकडून. हिरा ही डोंगरावरच्या ठाकरवाडीतली, सोसायटीत झाडलोट करणारी. बाई दळवींकडे गेल्या. "घाटापलीकडं सोडलेली मांजर जगत नाय साहेब," त्या म्हणाल्या. "आन हितली जागा रिकामी झाली का दुसरी येतात. मला दिवाळीपर्यंत सवड द्या. सगळ्यांची ऑपरेशनं करते." दळवींनी चष्मा पुसला. म्हणाले, "देतो. पण माझी अट स्पष्ट आहे. या आवारात आजपासून नवीन पिल्लू दिसता कामा नये. दिसलं, की टेंपो. तुम्ही शब्द देताय?" बाईंनी शब्द दिला. मी गाडीत त्यांना म्हणालो, की अशी लेखी हमी तर विमा कंपनीही देत नाही.

गौरी-गणपती होऊन गेले होते. एकेक मांजर जात होती, कान कापून परत येत होती, आणि दळवीसाहेब गॅलरीतून कापलेले कान मोजत होते. शेवटी राहिली एक तिरंगी मांजर, पांढऱ्यावर काळी-पिवळी ठिगळं असलेली, भयंकर हुशार. एका पावसाळी सकाळी तीही दुसऱ्या इमारतीच्या जिन्याखाली पाळण्यात सापडली. भिजलेली होती, आत थयथयाट करत होती, पोट काही दिसू देत नव्हती. बाईंनी बराच प्रयत्न केला. शेवटी तिथं झाडत असलेल्या हिराला त्यांनी विचारलं, "हिरा, ही व्यालीय का गं कुठं?"

"नाय बाय," हिरा झाडता झाडता म्हणाली. "पिल्लाबिल्ला काय नाय."

आम्ही मांजर घेऊन गेलो. दुपारी डॉक्टर हात पुसत बाहेर आले. पोटावरचे केस काढताना दूध आलं होतं, पण तोवर भूल देऊन झाली होती, म्हणून त्यांनी ऑपरेशन उरकलं. "दूध बंद होणार नाही, ही पाजू शकेल," ते म्हणाले. "पण पिल्लं लहान असणार. सकाळपासून उपाशी आहेत. आज ती हिच्याजवळ पोचली पाहिजेत." बाई तिथल्या बाकावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. शुद्धीवर येणाऱ्या मांजरीच्या डोक्यावर हात ठेवून त्या नुसत्या म्हणत होत्या, "माझ्या हातून झालं गं बाई. माझ्या हातून."

शेलूला परत आलो तेव्हा दुपार कलली होती. मी कामाला लागलो. चारही इमारतींत जिने चढून प्रत्येक दार वाजवलं. दारं वाजवण्याचा माझा अनुभव दांडगा. पण अर्धी दारं बंद आणि उरलेल्या अर्ध्यांतून एकच उत्तर: पिल्लं? नाही हो. अटीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कुणालाच त्या भानगडीत पडायचं नव्हतं. खाली आलो तर बाई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. शेजारी करंडी, तिच्यात ती तिरंगी. करंडीवरचं फडकं त्यांनी काढून टाकलं होतं आणि मांजर एकसारखी ओरडत होती.

"बाई, उठा," मी म्हणालो. "गच्ची राहिलीय."

"बसा एजंट."

"अहो, पिल्लं मरतील."

"सकाळी मी विचारलं, तीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "इमारत बघून मी विसरले. वाटलं, हितली माणसं काय पळणारी नाय. बसा आता."

मी बसलो. मला बसता येत नाही, बसलो तरी पाय हलत राहतात. समोर हिरा झाडत होती. मघाशी झाडलेलीच फरशी ती पुन्हा झाडत होती, आणि मांजर ओरडली की तिचा खराटा थांबत होता. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायल्या आणि माझ्याशी बोलू लागल्या, पण आवाज जरा मोठा ठेवून.

"एजंट, तुमाला सांगते. ह्या हिराच्याच वाडीतली गोष्ट. एक बाई बाळंत झाली होती, मी गेले वजन करायला. तिला वाटलं, ही ऑपरेशनवाली, पोर नेईल नायतर काय टोचील. घरात बाळ नाय म्हणाली. आमचं अजून झालंच नाय म्हणाली. बाळाला टाकलं होतं कोपऱ्यात, सुपाखाली. आन त्या लोकांत पाचवीपर्यंत परक्याला दाखवतबी नाय. मी काय म्हणले नाय. दारात बसून राहिले. दुपार झाली. शेवटी बाळालाच भूक लागली. असं रडलं, असं रडलं, का आईलाच राहवलं नाय. सूप काढलं तिनं आन माझ्या मांडीवर आणून दिलं. पोरगी होती. अंगात ताप होता. दोन दिस उशीर झाला असता तर नसती राहिली."

खराटा थांबला होता.

"ती पोरगी कुठं असते आता?" मी विचारलं. मला खरंच अंदाज नव्हता.

"झाडतेय नव्हं समोर," बाई म्हणाल्या.

हिरानं खराटा भिंतीला टेकवला आणि पदर तोंडाला लावला. "बाय, पंपरूममदी हायती," ती म्हणाली. "चावी माज्याकडं असती. डोळं उघडंपर्यंत कुनाला दावायचं नाय, अशी आमची रीत. आन सायबांनी सांगितलं, पिल्लू दिसलं का टेंपो. माजी नोकरी जाईल बाय. म्हून मी नाय म्हनलं. मला काय ठाव, पिल्ला नाय म्हनल्यावर तुमी आयलाच न्याल."

बाई उठल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नोकरीचं मी बघते. चल आधी."

पंपरूममध्ये मोटारीच्या मागं गोणपाटावर तीन पिल्लं होती. दोन किंचाळत होती, एक गप्प पडलं होतं. करंडी उघडताच ती तिरंगी, पोटाला टाके असलेली, अजून पाय लटपटत असलेली, सरळ जाऊन आडवी झाली. दोन पिल्लं चटकन लागली. तिसऱ्याला बाईंनी हाताच्या ओंजळीत चोळून चोळून ऊब दिली आणि तोंड आचळाशी धरलं. बऱ्याच वेळानं त्याची मान हलू लागली. हिरा रडत होती आणि हसत होती. माझ्या डोळ्यांत पंपरूमची धूळ गेली होती.

आता खरी परीक्षा पुढं होती, कारण बाईंनी दिलेला शब्द मोडला होता. मी सुचवलं, की पिल्लं गुपचूप माझ्या गाडीत घालू, भिसेगावला नेऊ, दळवींना कळणारही नाही. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी वाक्य अर्धंच सोडलं. दिवेलागण झाली होती. पिल्लांची पोटं भरल्यावर त्यांनी ती टोपलीत घेतली आणि पंपरूमला लागूनच असलेल्या दळवींच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझा शब्द मोडला," दार उघडताच त्या म्हणाल्या. "ही बघा पिल्लं. आज दिसली. जबाबदारी माझी, दुसऱ्या कोणाची नाय."

दळवींनी टोपलीत पाहिलं, मग पंपरूमच्या दाराकडे, मग लांब उभ्या असलेल्या हिराकडे. स्टोअरकीपर होते ते, चावी कोणाकडं असते हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. "रविवारी टेंपो येईल," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं, पण ठरलं ते ठरलं."

"बरोबर हाय तुमचं," बाई म्हणाल्या. "फक्त हितं उजेड हाय तवर वजन करून घेते. आत दिसत नाय." आणि परवानगीची वाट न बघता त्या दळवींच्या उंबऱ्याशी बसल्या. पिशवीतून त्यांनी नोकरीतला तो जुना झोळीचा काटा काढला, ज्यानं त्या वाड्यांवरची बाळं मोजायच्या. झोळीत एक पिल्लू घातलं, हात उंच धरला. काटा जेमतेम हलला. बाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "दोनशे. का तीनशे?" पुन्हा बघितलं. "अडीचशे धरू."

दळवी दारातच उभे होते. आत जायचं सोडून ते वाकले. "अडीचशे कसं धरताय?"

"मधलं धरते."

"वजन असं मधलं धरत नाहीत," दळवी म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "हा काटा बाळांसाठी आहे. एवढ्या कमी वजनाला तो चालायचा नाही. आणि तुम्ही तो हलत्या हातात धरलाय."

"मग काय करावं?" असं बाईंनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. दुसरं पिल्लू झोळीत घातलं आणि म्हणाल्या, "हे शंभर. नाय, तीनशे असंल."

दळवीसाहेब आत गेले. मला वाटलं, फोन करायला गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पितळी तराजू होता, लखलखीत घासलेला, आणि मखमलीच्या डबीत वजनं. निवृत्त होताना मिलनं दिलेली भेट. त्यांनी स्टूल आणलं, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ते डुगडुगायचं थांबवलं, तराजू लावला, पारड्यात हातरुमाल अंथरला, दुसऱ्या पारड्यात तशाच रुमालाची घडी ठेवली. मग स्वतःच्या हातानं एकेक पिल्लू उचलून मोजलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे फार कमी आहे," ते म्हणाले. "बाकी दोघांच्या निम्म्यानंही नाही."

"त्याचंच कठीण हाय," बाई म्हणाल्या. "रोज वजन वाढलं तर जगलं म्हणायचं. नायतर नाय."

"उद्या किती वाजता मोजायचं?" दळवींनी विचारलं.

मी आयुष्यभर विमे विकले. समोरचा माणूस कधी गळाला लागला हे मला कळतं. दळवीसाहेब त्या प्रश्नाला गळाला लागले. बाई शांतपणे झोळीची घडी घालत होत्या. तो काटा एवढ्याशा जिवाला चालत नाही, हे त्यांना आधीच माहीत होतं का, असं मी नंतर बरेचदा विचारलं. त्या दर वेळी गुडघे दुखतात असं सांगत.

रविवारी टेंपो आला नाही. दळवीसाहेब रोज संध्याकाळी आंघोळ करून तराजू काढून बसत. ते तिसरं पिल्लू दोन दिवस तसूभर वाढलं नाही, तेव्हा त्यांनी मला फोन करून बाईंना घेऊन या म्हटलं, आणि मी पोचेपर्यंत गरम पाण्याची बाटली स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळून पिल्लाखाली ठेवली होती. दळवीवहिनी मांजराच्या केसांनी आतून शिंकत होत्या आणि साहेबांना कधी नव्हे इतकं ओरडत होत्या. त्यानंतर पारडं हळूहळू खाली येऊ लागलं. ज्या दिवशी ते बऱ्यापैकी झुकलं, त्या दिवशी दळवींनी सगळ्या इमारतीला पेढे वाटले आणि कारण विचारणाऱ्याला नातू पास झाला असं सांगितलं. पिल्लं मोठी झाल्यावर दोन घरांत गेली. तिसरं दळवींकडंच राहिलं, कारण ते 'अजून मापात नाही' असं त्यांचं म्हणणं होतं.

दिवाळीच्या आधी सोसायटीची सभा झाली. मांजरांचा विषय निघाल्यावर दळवीसाहेब उभे राहिले. "आवक बंद झाली आहे," ते म्हणाले. "शिल्लक मालाला त्रास द्यायचं कारण नाही." विषय संपला. चावीचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. हिरा आजही तिथंच झाडते, आणि डोळे उघडेपर्यंत पिल्लं कोणाला दाखवायची नाहीत ही रीत तिनं सोडलेली नाही. फक्त बाहेरून आलेली एखादी मांजर व्याली की ती आम्हाला कळवते, दाखवत नाही.

गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्यांनी पूर्ण असहकार पुकारला. नाशिकहून मुलगी आली आणि म्हणाली, आई, आता पुरे. बाईंनी वाद घातला नाही. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. रिक्षावाल्यानं पाळणा उतरवून दिला, त्यावर तेच जुनं लुगडं. वर लसींचा निळा डबा. बाई पायरीवर बसल्या. बायकोनं चहा दिला. बाईंनी चहा घेतला, बिस्कीट बुडवून खाल्लं, नाशिकच्या थंडीबद्दल बोलल्या. पाळण्याचं नाव काढलं नाही. मग बोलायच्याही थांबल्या.

मला सगळं समजत होतं. एवढ्या वाड्यांवर त्यांच्याशेजारी बसून ती चाल मी पाठ केली होती. मनाशी ठरवलं, की आपण काही बोलायचं नाही. माझं वय झालंय, गाडी जुनी झालीय, बायको चिडलीय, आणि मांजरं तर मला आवडतच नाहीत. मी चहा संपवला. गल्लीतून दोन माणसं गेली. बाईंनी लुगड्याची सुटलेली कड पाळण्याच्या जाळीत नीट खोचली आणि हात मांडीवर ठेवले. त्या हातांवर ओरबाडल्याच्या जुन्या पांढऱ्या रेघा होत्या. मला ती करडी मांजर आठवली, सूप आठवलं, पारड्यातलं ते कमी वजनाचं पिल्लू आठवलं. माझे पाय हलायचे थांबले होते.

"राहू दे इथंच," मी म्हणालो. "बघीन मी."

"काय ते?"

"सगळंच. पाळणा, डबा, भेटी. डॉक्टरांना मी सांगतो."

बाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. पदर सावरला. बायकोला येते म्हणाल्या. फाटकाशी थांबून वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते, पण तोंडावर हसू होतं.

"मी कुठं काय विचारलं, एजंट?" त्या म्हणाल्या.